चार घासांत भरणारं पोट आणि चिनी काढे

ताटात अर्धं जेवण शिल्लक असतानाच पोट भरतं. जेवून तीन तास उलटले तरी अन्न बरगड्यांखाली तसंच बसून आहे असं वाटत राहतं. कुणाला ढेकरांनी जीव नकोसा होतो, कुणाला पोटाच्या वरच्या भागात अगदी मधोमध दुखतं किंवा जळजळतं. मग दुर्बिणीची तपासणी होते, सोनोग्राफी होते, रक्त तपासलं जातं आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. घरच्यांना हायसं वाटतं. रुग्णाचं पोट मात्र जड ते जडच. त्यात कुणी 'मनाचे खेळ आहेत' असं म्हणालं, की त्या माणसाला आपलं दुखणं सांगायचीही लाज वाटू लागते.

म्हणून आधी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. हा खरा आजार आहे. डॉक्टर त्याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. जठराची रचना ठीक असते, त्याचं काम बिघडलेलं असतं, आणि दुर्बिणीतून रचना दिसते, काम दिसत नाही. जगभरचे पोटविकारतज्ज्ञ ज्यांना 'रोम निकष' म्हणतात त्यांची चौथी आवृत्ती 2016 मध्ये आली. तिच्यानुसार जेवणानंतर पोट दाटणं, लवकर पोट भरणं, पोटाच्या वरच्या भागात दुखणं किंवा जळजळणं यांपैकी निदान एक त्रास तीन महिने सतत असेल, त्याची सुरुवात सहा महिन्यांपूर्वी झालेली असेल आणि तपासणीत दुसरं कारण सापडलं नसेल, तर हे निदान होतं. त्यातही दोन गट आहेत. एकात जेवणानंतरचं दाटणं आणि लवकर पोट भरणं मुख्य, दुसऱ्यात वेदना आणि जळजळ मुख्य. बऱ्याच जणांत दोन्हींची सरमिसळ असते.

बिघडतं नेमकं काय? निरोगी माणूस जेवू लागला की जठराचा वरचा भाग सैल पडतो. भाजी भरत गेलं की कापडी पिशवी पसरते, तसा. अन्नाला जागा होते आणि आत दाब वाढत नाही. या आजाराच्या सुमारे 40 टक्के रुग्णांत ही सैल पडण्याची क्रियाच नीट होत नाही, असं बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथल्या संशोधनात दिसलं. काही जणांत जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो. काहींच्या जठराच्या नसा इतक्या हळव्या झालेल्या असतात की नेहमीचा ताणही त्यांना वेदना म्हणून कळतो. काहींच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सूक्ष्म दाह सापडतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा वाटा असतो, चिंतेचा आणि झोपेचाही असतो. चिंता वाढली की पोट बिघडतं, आणि पोट बिघडलं की चिंता वाढते. मेंदू आणि आतडं यांच्यात नसांची वर्दळ दोन्ही बाजूंनी चालू असते.

म्हणजे एका नावाखाली पाच-सहा वेगवेगळे बिघाड आहेत. आम्ल कमी करणारी गोळी एकाला लागू पडते, दुसऱ्याला अजिबात नाही. जठराची हालचाल वाढवणाऱ्या औषधांचंही तसंच. त्यामुळे अनेक रुग्ण दुसऱ्या वाटा शोधतात. चीन, तैवान, हाँगकाँग, कोरिया आणि जपान इथे ही दुसरी वाट बहुतेक वेळा काढ्यांची असते. तिच्याकडे भाबडेपणाने किंवा तुच्छतेने पाहण्यापेक्षा ती आतून समजून घेणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. चिनी वैद्य या रुग्णांची ज्या रीतीने विभागणी करतो, ती या आजाराला बऱ्यापैकी शोभते. औषध गुणकारी ठरणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

दुखत नाही, फक्त दाटतं

हान राजवटीच्या अखेरीस, इसवी सन 200 च्या सुमारास, झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याने 'शांगहान लुन' हा ग्रंथ लिहिला. विषय मुख्यतः तापाच्या आजारांचा. त्यात एक प्रसंग येतो. ताप असलेल्या रुग्णाला वैद्याने चुकून जुलाबाचं औषध दिलं आणि त्यानंतर त्याच्या काळजाखालची जागा, म्हणजे आपण जिला पोटाचा वरचा भाग म्हणतो ती, भरून आली. झांग म्हणतो, ती जागा कडक असेल आणि दुखत असेल तर तो एक आजार, त्याचं औषध वेगळं. नुसती भरलेली असेल आणि दुखत नसेल तर तो दुसरा आजार, त्याला 'बानशिया शियेशिन थांग' द्यावं.

दाटणं वेगळं, दुखणं वेगळं, ही विभागणी आजच्या दोन गटांच्या फार जवळ जाते. झांगने आजचा आजार ओळखला होता असा त्याचा अर्थ नाही. त्याच्यासमोरचा रुग्ण तापाचा होता. पण पुढच्या वैद्यांनी हाच धागा साध्या अपचनापर्यंत नेला. आज चिनी रुग्णालयांत फंक्शनल डिस्पेप्सियाच्या रुग्णाची नोंद होते तीसुद्धा याच दोन जुन्या सदरांखाली: एक दाटण्याचं, एक जठराच्या वेदनेचं.

त्या काढ्यात सात गोष्टी आहेत. बानशिया हा सुरणाच्या कुळातल्या एका छोट्या वनस्पतीचा कंद, मळमळ थांबवण्यासाठी. सुंठ, उष्णतेसाठी. हुआंगलियान आणि हुआंगछिन ही दोन अतिशय कडू मुळं, उष्णता उतरवण्यासाठी. जिनसेंग, भाजलेलं ज्येष्ठमध आणि आपल्या बोराचा भाऊबंद असलेलं चिनी बोर, ताकद टिकवण्यासाठी. तिखट आणि कडू एकाच भांड्यात! चिनी वैद्यकात यामागे ठरलेला विचार आहे: तिखट रस अडलेलं मोकळं करतो, कडू रस वर चढलेलं खाली उतरवतो. करण्याची कृतीही नेमकी दिली आहे. सातही जिन्नस दहा मापं पाण्यात घालून सहा मापं उरेपर्यंत उकळायचे, चोथा काढून टाकायचा, उरलेला काढा पुन्हा आटवून तीन मापं करायचा आणि दिवसातून तीनदा एकेक माप कोमट प्यायचा.

प्लीहा, यकृत आणि चिनी नकाशा

पुढचं समजायला चिनी वैद्यकातल्या अवयवांचा अर्थ ध्यानात घ्यावा लागतो. तिथे 'प्लीहा' म्हणजे डाव्या बरगडीखालचा रक्ताशी संबंधित अवयव नव्हे. अन्नातून शक्ती काढून ती वर, शरीरभर पोचवणारी सगळी यंत्रणा म्हणजे प्लीहा. जठराचं काम उलट दिशेचं, खाल्लेलं खाली ढकलायचं. प्लीहा वर नेते, जठर खाली आणतं, आणि ही ये-जा अडली की मधल्या जागेत दाटतं. यकृताकडे सगळ्या हालचालींचा सुरळीतपणा आणि राग, कोंडमारा, वैताग यांचं खातं. माणूस मनातल्या मनात कुढत राहिला की यकृत तुंबतं आणि त्याचा जाच जठराला होतो, असं ते मानतात. शरीरशास्त्राच्या पुस्तकात हा नकाशा सापडणार नाही. पण जेवणाच्या ताटावर भांडण झालं की घास उतरत नाही, हा अनुभव त्यात नोंदलेला आहे.

आयुर्वेद माहीत असलेल्याला इथे अग्निमांद्य आठवेल. साम्य आहे, पण दोन्ही शास्त्रं एकच मानू नयेत. चिनी वैद्य वात-पित्त-कफाने विचार करत नाही.

वैद्य जीभ पाहतो, तिचा रंग, तिच्यावरचा थर, कडेला दातांच्या खुणा. दोन्ही मनगटांवर तीन-तीन ठिकाणी नाडी पाहतो. उजव्या मनगटावरचं मधलं स्थान प्लीहा आणि जठराचं. थंड पाणी चालतं का, त्रास सकाळी वाढतो की रागावल्यावर, शौचाला कसं होतं, हे विचारतो. त्यावरून रुग्णाचा नमुना ठरतो आणि औषध आजाराच्या नावाला नव्हे, त्या नमुन्याला दिलं जातं. थकलेला, भूक नसलेला, पोट शेकलं की बरं वाटणारा रुग्ण म्हणजे प्लीहा अशक्त. चिंतेबरोबर बरगड्यांत ताण येणारा, वारंवार ढेकर देणारा म्हणजे यकृत तुंबलेलं. त्याला 'छायहू शूगान सान' हा काढा. जड जेवणानंतर आंबट ढेकर येणाऱ्याला 'बाओहे वान' या गोळ्या, ज्यांत चिनी हॉथॉर्नचं फळ आणि मुळ्याचं बी असतं. उष्ण-थंड लक्षणं एकत्र असतील तर वर सांगितलेला झांगचा काढा.

अशक्त प्लीहेच्या विचाराला मोठं वळण दिलं ली दोंगयुआन (1180–1251) या वैद्याने. 1232 मध्ये मंगोल फौजांनी आजच्या काइफेंग शहराला वेढा घातला होता. वेढा उठल्यावर शहरात माणसं मोठ्या संख्येने आजारी पडून मरू लागली. इतर वैद्य त्याला बाहेरून आलेला रोग समजून उपचार करत होते. लीचं म्हणणं पडलं की महिनोन्महिने उपासमार, भीती आणि थकवा यांनी या लोकांची पचनशक्तीच मोडली आहे. पुढे त्याने प्लीहा आणि जठर यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या शहरात खरंच साथ होती का, यावर इतिहासकार वाद घालतील. पण भूक, काळजी आणि पोट यांना एका साखळीत पाहणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

अशा रुग्णाचं नेहमीचं औषध म्हणजे 'श्यांगशा लिउजुन्झी थांग'. सोंग काळातल्या सरकारी औषधशाळेच्या ग्रंथात 'चार सद्गृहस्थ' नावाचा काढा आहे: जिनसेंग, बाइझू हे मूळ, पाइनच्या मुळांवर वाढणारी फूलिंग ही बुरशी, आणि ज्येष्ठमध. चारही सौम्य म्हणून हे नाव. त्यात जुनी वाळवलेली संत्र्याची साल आणि बानशिया मिळवले की 'सहा सद्गृहस्थ'. वर वायू मोकळा करणारे दोन सुगंधी जिन्नस पडतात. एक शारेन, वेलदोड्याच्या कुळातलं फळ. दुसरं मूश्यांग.

हे मूश्यांग म्हणजे आयुर्वेदातलं कुष्ठ, आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात उपलेट म्हणून मिळणारं मूळ. वनस्पती एकच. ती मूळची हिमालयातली, काश्मीरची. शतकानुशतकं हा माल भारतातून समुद्रमार्गे ग्वांगझूच्या बंदरात उतरत होता, म्हणून चिनी व्यापारी त्याला 'ग्वांग मूश्यांग' म्हणत. आता चीनमध्ये त्याची लागवड युनान प्रांतात होते. रानातली झाडं इतकी खणली गेली की आज ही वनस्पती 'साइट्स' या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक यादीत आहे. 'छायहू शूगान सान' मधलं श्यांगफू म्हणजे तर आपला नागरमोथा. या काढ्यांची वाट आपल्या शेताच्या बांधावरून गेलेली आहे.

जपानने काय केलं

'सहा सद्गृहस्थ' काढ्यात आलं आणि बोर घालून जपानी वैद्यांनी त्याला 'रिक्कुन्शितो' केलं. तिथे हा काढा कारखान्यात तयार होतो, आटवून, वाळवून, दाण्यांच्या पुडीत येतो. प्रत्येक पुडीत काय आणि किती, हे ठरलेलं असतं. 1976 पासून असे अनेक अर्क जपानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात मोठ्या प्रमाणावर आले. एमबीबीएसच्या तोडीचं शिक्षण घेतलेला जपानी डॉक्टर आम्ल कमी करणाऱ्या गोळीबरोबर ही पुडीही लिहून देतो.

पुडी एकसारखी असल्यामुळे तिची परीक्षा घेणं सोपं झालं. प्रयोगशाळेत गिनिपिगच्या जठरावर हा अर्क वापरला तेव्हा जठराचा वरचा भाग जास्त सैल पडलेला दिसला, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या बिघाडावर नेमकं बोट. 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन हे जठरात तयार होणारं भुकेचं संप्रेरक शोधलं. हा काढा उंदरांमध्ये घ्रेलिन वाढवतो आणि त्यात संत्र्याच्या सालीतल्या हेस्पेरिडिनसारख्या घटकांचा हात आहे, असं नंतर दिसलं. एका काढ्यातले वेगवेगळे जिन्नस वेगवेगळ्या जागी काम करत असतील, तर पाच-सहा बिघाडांच्या आजारात त्याचा उपयोग होण्याची शक्यता तर्काला पटते. पण गिनिपिगचं जठर म्हणजे माणसाचं जेवण नव्हे.

माणसांवरची सर्वांत बोलकी चाचणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. जपानमधल्या अनेक रुग्णालयांतले 247 रुग्ण, आठ आठवडे, निम्म्यांना रिक्कुन्शितो आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषधविरहित पुडी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही. काढा घेणाऱ्यांपैकी 33.6 टक्क्यांना बरं वाटलं, खोट्या पुडीवाल्यांपैकी 23.8 टक्क्यांना. फरक दिसतो, पण तो निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता मान्य मर्यादेपेक्षा जास्त निघाली. त्यामुळे मुख्य प्रश्नाचं उत्तर 'सिद्ध झालं' असं देता आलं नाही. पोटदुखी मात्र काढ्याने स्पष्टपणे जास्त कमी झाली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या जपानी चाचणीत एकूण बरं वाटण्याच्या बाबतीत काढा सरस ठरला, आणि अपचन कमी होण्याचा चिंता कमी होण्याशी संबंध दिसला.

माझं मत असं की हे उत्तर आशा वाटावी एवढं आहे, जाहिरात करावी एवढं नाही. खोट्या पुडीनेही जवळपास चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना बरं वाटलं, हेही विसरू नये. या आजारात असं नेहमी होतं. काही चाचण्यांत हे प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत जातं. म्हणून 'माझ्या मावशीला फरक पडला' यावरून औषधाची पारख होत नाही. मावशीचा फरक खरा असतो, पण त्याचं श्रेय कुणाचं हे तिच्या एकटीवरून ठरत नाही.

चीनमध्ये झालेल्या चाचण्यांची संख्या याहून खूप मोठी आहे आणि बहुतेकांचा निष्कर्ष काढ्यांच्या बाजूने आहे. अडचण त्यांच्या दर्जाची आहे. अनेकांत काढ्याची तुलना खोट्या औषधाशी न करता डोम्पेरिडोन किंवा मोसाप्राइड या जठराची हालचाल वाढवणाऱ्या औषधांशी केलेली असते, रुग्ण थोडे असतात, काळ कमी असतो, आणि आपण काय घेतोय हे रुग्णाला माहीत असतं. कडू, उग्र वासाच्या काढ्यासारखाच दिसणारा आणि लागणारा पण औषध नसलेला काढा बनवणं हे खरोखरच कठीण काम आहे. शिवाय प्रत्येक रुग्णाला वेगळा काढा देणं हा ज्या पद्धतीचा प्राण, तिथे सगळ्यांना एकच काढा देऊन चाचणी घेतली तर पद्धतीवर अन्याय होतो. वेगळे दिले तर नेमकं कशाने बरं वाटलं ते कळत नाही. यातून निघायची एक चांगली वाट आहे. वैद्याने हवा तो काढा लिहावा आणि औषधशाळेने चिठ्ठ्या टाकून निम्म्या रुग्णांना खरा, निम्म्यांना खोटा द्यावा. अशा मोठ्या चाचण्या जास्त व्हायला हव्यात.

वनस्पती म्हणून निर्धास्त राहू नका

इथे मी आग्रहाने लिहितोय, कारण 'झाडपाल्याने अपाय होत नाही' हा समज आपल्याकडेही खोल रुजलेला आहे. कच्चा बानशिया विषारी असतो; तोंड आणि घसा सोलवटून काढतो. आलं, तुरटी, चुना यांनी संस्कार केल्यावरच तो औषधात जातो. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर शरीरातलं पोटॅशियम घटतं, रक्तदाब वाढतो, पायांना सूज येते. लघवी वाढवणाऱ्या किंवा हृदयाच्या डिगॉक्सिनसारख्या गोळ्या चालू असतील तर धोका अधिक. हुआंगछिनमुळे क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. हुआंगलियानमधलं बर्बेरिन, जे आपल्या दारुहळदीतही असतं, इतर औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलू शकतं. अवयवरोपण झालेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी असे काढे स्वतःच्या मनाने घेऊच नयेत. गर्भवतींनीही नाही.

सर्वांत भयंकर धडा 1990 च्या दशकात बेल्जियममध्ये मिळाला. वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी मिळत्याजुळत्या नावाची दुसरी मुळी गेली. तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल होतं. शंभराहून अधिक लोकांची मूत्रपिंडं निकामी झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. अपचनाच्या औषधांशी याचा थेट संबंध आहे. वर सांगितलेलं मूश्यांग निर्धोक, पण 'छिंग मूश्यांग' ही वेगळीच वनस्पती आणि तिच्यात हेच आम्ल. चीनने 2004 मध्ये तिच्यावर बंदी घातली. लेबल वाचता येत नाही अशी डबी ऑनलाइन मागवणाऱ्याने एवढं तरी ध्यानात ठेवावं. काही डब्यांत गुपचूप मिसळलेली स्टिरॉइडं आणि वेदनाशामकंही सापडलेली आहेत.

भारतात चिनी काढ्यांना आयुष पद्धतींमध्ये स्थान नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी कायदा आहे, पण तो सुया टोचण्याच्या पद्धतीसाठी. त्या पदवीवर कुणी चिनी गोळ्या विकत असेल तर विचारणा करावी. सिंगापूर किंवा हाँगकाँगमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला मात्र नोंदणीकृत चिनी वैद्याकडे जाता येतं. तिथे वैद्यांची नोंदणी कायद्याने होते आणि नाव पडताळून पाहता येतं.

कुठेही राहत असाल तरी क्रम चुकवू नका. वजन आपोआप उतरत असेल, गिळताना अडकत असेल, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच होत असेल, रक्त कमी झालं असेल, घरात कुणाला जठराचा कर्करोग झालेला असेल किंवा साठीच्या आसपास हा त्रास पहिल्यांदाच सुरू झाला असेल, तर आधी दुर्बिणीची तपासणी. काढा नंतर. हेलिकोबॅक्टरची तपासणी करून घ्या. तो असला आणि काढून टाकला तर काही जणांचं अपचन तिथेच थांबतं. त्यानंतर काढा घ्यायचा ठरलाच, तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं वैद्याला सांगा आणि काढ्यातल्या जिन्नसांची यादी आपल्या डॉक्टरला दाखवा. सुरू करण्यापूर्वी आणि महिन्याभराने रक्तदाब, पोटॅशियम आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. जेवणानंतर किती दाटलं, किती दुखलं, हे रोज वहीत लिहा. जपानी चाचणी आठ आठवड्यांची होती. तेवढ्या काळात वहीत फरक दिसला नाही तर काढा बंद करा, मात्रा वाढवू नका.